लिंबाकडचं टोक

हौशी रेडिओवाले सोलापुरात त्या काळी एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच होते, आणि त्यातलं एक बोट भवानी पेठेत शांतम्मांच्या माडीवर भाड्यानं राहत होतं. रावजी चवरे त्याचं नाव. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस, मूळचा माढ्याचा, वय चाळिशीच्या पुढं एखादं वर्ष. पगार बेताचा आणि अक्कल भरपूर, निदान त्याच्या स्वतःच्या मते. त्यानं परीक्षा देऊन सरकारी परवाना काढला होता आणि लष्कराच्या भंगारातले व्हॉल्व्ह आणून घरच्या घरी सेट जोडला होता. तारऑफिसात असते तसली पितळी कळ ठोकत तो हुबळी, हैदराबाद आणि नशीब जोरावर असलं तर सिलोनपर्यंत बोलायचा. बोलायचा म्हणजे डिट आणि डा एवढ्या दोनच आवाजांत. पेठेतल्या लोकांची खात्री होती की हा पाकिस्तानशी बोलतो. एकदा हवालदारही चौकशीला आला, परवाना उलटा धरून वाचला आणि चहा पिऊन गेला.

अशा माणसाचा जीव सेटमध्ये नसतो, तो गच्चीवरच्या तारेत असतो. रावजीची अँटेना म्हणजे वीस मीटर तांब्याची तार, शांतम्मांच्या गच्चीवरून पलीकडच्या रंगाऱ्याच्या आवारातल्या बांबूपर्यंत ताणलेली. तिच्या दोरीवर कुणी ना कुणी लाल सुताच्या ओल्या लडी वाळत घालायचं, आणि त्या उतरवून ठेवण्याचं काम विजयमालाकडं, म्हणजे त्याच्या बायकोकडं होतं. तार कुठल्या दिशेला ताणावी यावर रावजीनं पुस्तकं वाचली होती, नकाशे काढले होते. सांगायला लागला की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. तारेच्या दोन्ही अंगांना आवाज जोरात जातो आणि टोकांच्या दिशेला मार खातो, एवढं कळलं तरी आपल्याला पुष्कळ झालं.

खाली शांतम्मांचे चार यंत्रमाग होते. सातला ते सुरू झाले की त्यांच्या मोटारींच्या ठिणग्यांनी रिसीव्हरमध्ये नुसता खरखराट व्हायचा. म्हणून रावजीची वेळ सकाळी साडेसहा ते सात, आणि त्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं ठरलेली होती. ती मायाप्पाची.

मायाप्पा वाघमोडे आणि रावजी माढ्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मायाप्पा धनगराघरचा. तो शाळा सोडून लष्करात गेला, सिग्नलच्या तुकडीत पंधरा वर्षं मोर्स ठोकला, आणि पेन्शन घेऊन माढ्यापासून दोन कोसांवरच्या आपल्या वस्तीवर, मेंढरांत आणि जिराईत रानात परत आला. त्याला परवाना काढायला लावला रावजीनंच, सेट जोडून दिला तोही रावजीनंच. त्या सेटमध्ये एकच क्रिस्टल बसवलेला होता, त्यामुळं सात हजार पस्तीस किलोसायकल ही एकच जागा मायाप्पाला बोलायला मोकळी. शिवाय त्याच्या आवाजाला एक खोड होती: प्रत्येक ठोका सुरू होताना किंचित चिवचिवायचा. हजार आवाजांतून ओळखावा असा तो आवाज, फक्त सोलापुरात यायचा अगदी बारीक. रेडिओवाल्यांच्या भाषेत तीन-तीन-नऊ. पाच-नऊ-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं, आणि तीन-तीन-नऊ म्हणजे कान फुटेस्तोवर लक्ष द्या आणि मग अंदाज बांधा.

रावजीनं नकाशा मांडून चूक शोधली होती. मायाप्पाची तार घराच्या आढ्यापासून मेंढरांच्या वाड्याच्या खांबापर्यंत गेलेली होती, आणि तिचं टोक नेमकं सोलापूरकडं होतं. ते टोक खांबावरून सोडायचं आणि विहिरीजवळच्या लिंबाला बांधायचं, बस. रावजी महिनाभर त्याच्या मागं लागला होता आणि मायाप्पा रोज ‘बगू’ म्हणून वेळ मारून न्यायचा. मग माघ महिन्यात एका सकाळी त्यानं कळवलं की घरापाठोपाठ आता विहिरीच्या मोटारीसाठीही विजेची लाइन आली आहे, ती लिंबाला अगदी खेटून गेली आहे, आणि पोराबाळांना मी त्या झाडाखाली जाऊ देत नाही. रावजीनं ते ऐकलं, वहीत टिपलंसुद्धा.

त्यानंतर चार दिवसांनी हुबळीचा एक रेडिओवाला डॉक्टर रावजीला हसला. तुमचा माढेकर आमच्याकडं घंटेसारखा खणखणीत येतो, आणि तुम्ही अँटेनाचे पंडित, तुम्हाला साठ-सत्तर किलोमीटरवरून तो ऐकू येत नाही म्हणजे कमाल आहे, असं काहीसं तो म्हणाला. रावजीच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मायाप्पाचा तोच बारीक आवाज आला तेव्हा रामराम न करता त्यानं ठोकलं. दोघं मराठीच बोलायचे, इंग्रजी अक्षरांत. त्यानं ठोकलं, ‘टोक लिंबाला बांध. आत्ता.’

मायाप्पानं उत्तरादाखल एकच अक्षर दिलं, ‘समजलं’ या अर्थाचं. जन्मभर हुकूम मानलेला माणूस तो. रावजी कानाला हेडफोन लावून वाट बघत बसला. सात वाजले, खाली माग सुरू झाले आणि तो चरफडत उठला.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या माढ्याकडच्या शिपायानं त्याला सांगितलं. मायाप्पानं सेटपासून तार सोडवली होती, तेवढी शिस्त पाळली होती. पण झाडावर आधी दोर टाकायचा, दोराला वीज अडवणारं चिनी मातीचं अंडं बांधायचं आणि मग त्याला तार, हा नियम त्याला पाठ असूनही त्या दिवशी त्यानं घाई केली. तारेच्या टोकालाच दगड बांधून लिंबावर फेकला. दगड फांदीवरून पलीकडं गेला आणि तार विजेच्या लाइनवर पडली. मायाप्पाच्या हातात दुसरं टोक होतं.

रावजीनं त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि घरी येऊन वही उघडली. प्रत्येक बोलण्याची वेळ आणि मजकूर लिहून ठेवावा असा परवान्याचा नियम असतो. त्या सकाळच्या ओळीत त्यानं वेळ लिहिली होती आणि तीन-तीन-नऊ लिहिलं होतं. पुढची जागा कोरी होती, ती त्यानं कोरीच ठेवली. तो दहाव्याला गेला नाही, तेराव्यालाही नाही. विजयमालाला ताप आल्याचं त्यानं कळवलं, आणि विजयमाला तेव्हा खणखणीत बरी होती. रेडिओवाला गेला की त्याच्या जवळच्या परवानाधारकानं जाऊन अँटेना उतरवायची आणि सेट ताब्यात घ्यायचा, अशीही रीत आहे. दिल्लीच्या कचेरीला रावजीनं तसं पत्रानं कबूलही केलं. पण आज जाऊ, उद्या जाऊ करत उन्हाळा सरला. आपण काय बोललो हे हवेत विरून गेलं, ऐकणारा एकच होता आणि तो राहिला नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. रात्री झोप येईपर्यंत ती पुरायची.

श्रावणातल्या एका सकाळी ती संपली.

साडेसहा वाजले होते. रावजी सवयीनं सात हजार पस्तीसच्या आसपास फिरत होता, खरं तर ती जागा तो टाळायचाच. आणि त्याच जागेवर, खरखरीच्या तळाशी, काहीतरी चिवचिवलं. त्यानं डायल तिथंच सोडली. आवाज बारीक होता, तीन-तीन-नऊ. प्रत्येक ठोका सुरू होताना किंचित वर उडत होता. आधी आपलं सरकारी खूणनाव सांगायचं हा नियम, पण खूणनाव आलंच नाही. सरळ मजकूर आला. डा. डाडाडा. डाडिडा. पहिल्या शब्दालाच रावजीनं पेन्सिल खाली ठेवली, कारण पुढचे शब्द त्याला माहीत होते. ते एकेक अक्षर करत आले. टोक लिंबाला बांध. मग एक थांबा. आत्ता.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिथूनही ते बारीक वाजत होतं.

माणसाच्या अक्षरासारखाच मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येतो. मायाप्पाचा हात लष्करी, सपाट, कवायतीसारखा एकसारखा. हा हात तसा नव्हता. पहिला डा जरा लांबवलेला, शेवटच्या शब्दाआधी दम घेतल्यासारखा थांबा, आणि अगदी शेवटचा ठोका गिळलेला. आणि तरी तो हात ओळखीचा होता. नुसता ओळखीचा नाही, रोजच्यातला. रावजी त्याला नाव द्यायला बघायचा आणि ते जिभेवर येता येता सटकायचं. शेवटी त्यानं मनाशी एक उत्तर पक्कं केलं. सेट मायाप्पाचा. शब्द असे की ते फक्त मायाप्पाला आणि आपल्याला ठाऊक. मग हात कुणाचा असणार? मेल्यावर माणसाचा हात बदलत असेल. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काढलेला माणूस असा विचार करतो यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्यानं केला हे खरं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी त्यानं हिय्या करून कळ हातात घेतली आणि विचारलं, ‘कोण?’ पलीकडं शांतता झाली. कुणीतरी ऐकतंय अशी शांतता. मग तेच आलं. त्यानं पुन्हा विचारलं, कोण आहे, कुठून बोलतोयस. पुन्हा तेच, सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. टोक लिंबाला बांध. आत्ता. रावजीनं सेटची वायरच भिंतीतून उपटली.

त्यानंतर महिनाभर त्यानं सेटवरचं फडकं काढलं नाही, पण त्यानं काय होतंय. साडेसहाला त्याला आपोआप जाग यायची आणि तो अंथरुणात डोळे मिटून पडायचा. आत्ता वाजत असेल, आपण ऐकत नसलो तरी वाजत असेल, हे ऐकण्यापेक्षा वाईट होतं. सातला माग सुरू झाले की धोट्याच्या मारात त्याला तेच शब्द लागायचे. मिलच्या भोंग्याचा पहिला लांब सूर म्हणजे तोच लांबवलेला डा. कॉलेजात घंटा झाली की तो दचकायचा. जेवण तुटलं. शांतम्मांनी विजयमालाला आडून विचारलं की तुझ्या नवऱ्याला कुणाची दृष्ट लागली का, आमच्यात मिरच्या ओवाळतात, ओवाळू का. विजयमालानं त्याही ओवाळून घेतल्या. ठसका सगळ्या माडीला लागला, रावजी होता तसाच राहिला.

मग हुबळीच्या डॉक्टरचं कार्ड आलं. गेला महिनाभर रोज सकाळी तुमच्या बाजूनं कुणीतरी विनापरवाना बोलतंय, असं त्यानं लिहिलं होतं. आवाज तुमच्या दिवंगत मित्राच्या सेटसारखा आहे, आमच्याकडं फार जोरात येतो. मजकुराचा अर्थ मला लागत नाही, अक्षरं उतरवून पाठवतो, तुमची भाषा असेल तर कळवा. खाली निळ्या शाईत, डॉक्टरच्या सुवाच्य अक्षरात, रावजीचे शब्द होते. कुणी नसलेल्या जागी बोललेले शब्द पोस्टाचा शिक्का घेऊन घरी आले होते. म्हणजे आपल्याला भास होत नव्हता. आणि ऐकणारा एकच होता हेही खोटं. पोस्टमननं ते वाचलं असेल, शांतम्मांनी जिन्यात वाचलं असेल, त्यांना काही कळणार नाही, पण मराठी येणारा एखादा रेडिओवाला उद्या ऐकेल आणि त्याला कळेल.

विजयमालानं कार्ड वाचलं. तिला तो मजकूर कुणाचा हे माहीत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता.

“मायाप्पा भावजींचा सेट कुनीतरी वापरतंय,” ती म्हणाली. “त्यो तुमी आनायचा व्हता. ताप मला आला म्हनून गेला न्हाय म्हनं. आता मला ताप न्हाय. जावा.”

त्याच रविवारी रावजी सकाळच्या पॅसेंजरनं निघाला. गाडी मोहोळला रेंगाळली, पुढं प्रत्येक स्टेशनात रेंगाळली, आणि ती कायमची बंद पडली तर बरं असं त्याला वाटत राहिलं. दसरा दहा दिवसांवर होता. माढ्याला उतरून तो पायी चालायला लागला. वस्ती दिसायच्या आधी त्याला तार दिसली. आढ्यापासून वाड्याच्या खांबापर्यंत, जुन्याच जागी, जुन्याच दिशेला ताणलेली. आणि विहिरीजवळ लिंब, एका अंगानं जळून काळा पडलेला.

विहिरीच्या काठावर मायाप्पाची आई, बजाबाई, पळसाच्या पानावर दहीभात मांडून बसली होती. पाण्यातल्या साती आसरांचा तो निवद. तिनं रावजीकडं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. सासूपासून बरीच लांब, मेंढरांच्या वाड्याशेजारी वेगळी चूल घातलेली होती, आणि तिच्यापुढं मायाप्पाची बायको केराबाई बसली होती.

“भावजी,” ती उठून म्हणाली. “लई दिसांनी.”

रावजीला वाटलं होतं ती बोलणार नाही, किंवा रडेल. तिनं त्याला घोंगडं अंथरून बसायला दिलं आणि विचारायच्या आधीच सगळं सांगितलं, कारण बोलायला माणूस मिळून तिला आठ महिने झाले होते. ज्या लिंबाखाली मायाप्पा कुणाला जाऊ देत नव्हता त्याच लिंबाकडं तो स्वतः पळत का गेला, याचं उत्तर वस्तीला हवं होतं. ते वस्तीनं काढलं. त्याला आसरांनी बोलावलं. आणि आसरा का कोपल्या, तर त्या अवसेला निवद द्यायची पाळी केराबाईची होती आणि ती विसरली होती. विसरली होती हे खरंच. म्हणजे नवऱ्याला तिनं खाल्लं. त्या दिवसापासून सासूनं तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं की तिला नावानं हाक मारली नव्हती. धाकटा दीर सिदू तेवढा चोरून बोलायचा, त्यानंच तिच्या सांगण्यावरून श्रावणात तार पुन्हा खांबाला बांधून दिली.

“आसरांनी बोलावलं न्हाय,” केराबाई म्हणाली. “त्या पेटीनं बोलावलं. मी हुते की तितं.”

ती त्याला आत घेऊन गेली. सेट कोपऱ्यात होता तसाच, वर मायाप्पाचा खाकी गमछा झाकलेला. केराबाईनं तो काढला आणि एकापाठोपाठ एक बटणं दाबली, न चुकता. मायाप्पा तोंड धूत असला की हे काम तिचंच असायचं. व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत ती थांबली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, एबीसीडी तर लांबच. पण मायाप्पाला लष्करातली सवय होती, जे ऐकायचा ते तोंडानं म्हणायचा, आणि स्पीकर मोठा असायचा, आणि चुलीपुढं भाकरी थापत तिनं ते सहा वर्षं ऐकलं होतं. जात्यावरची ओवी बसावी तसं ते तिच्या कानात बसलं होतं. अर्थ एकाचाही माहीत नव्हता. शेवटचं होतं ते तिनं धरून ठेवलं, रोज मनात म्हणून, विसरू नये म्हणून.

“त्येंनी च्या कपात तसाच ठिवला आन उटले. मी नगं म्हनलं, ऐकलं न्हाय.” तिनं कळीवर बोट ठेवलं. “म्हनून मी रोज सकाळच्याला वाजीवते. ज्यानं सांगितलं त्यो ऐकंल आन येईल. मंदी कुनीतरी उत्तर देत व्हतं. मला त्यातलं काय कळंना. मग त्ये बी बंद झालं.”

ती वाजवायला लागली. ओठ हलवत, मान किंचित डोलवत. लांबवलेला डा, दम घेतल्यासारखा थांबा, गिळलेला शेवट. रावजी भुताला भेटायला आला होता आणि समोर ही बसली होती, हाताला पिठाचा वास असलेली.

“ह्यात काय म्हनलंय, भावजी?”

सुटायची वाट रावजीला त्या क्षणी लख्ख दिसली, आणि त्यानं ती धरली, हे सांगायला वाईट वाटतं पण धरली. नीट कळत नाही म्हणाला. मधली अक्षरं तुटतायत, तुझ्या कानात काहीतरी गडबड झाली असेल. केराबाईनं स्टूल त्याच्याकडं सरकवलं. मग तुमीच वाजवा म्हणाली, मी ऐकते आणि बरोबर कुठलं ते सांगते. रावजी बसला. त्यानं ठोकलं, ‘रामराम मायाप्पा, बरं आहे ना.’

“ह्ये न्हाय,” ती म्हणाली.

त्यानं ठोकलं, ‘आज हवा चांगली आहे, उद्या भेटू.’

“ह्ये बी न्हाय, भावजी.” आवाजात राग नव्हता. शेतातल्या वाटेनं चुकलेल्या माणसाला वाट दाखवावी तशी ती थांबून राहिली होती, आणि हव्या तितक्या वेळा थांबणार होती. ज्या बाईनं एक ओळ आठ महिने कानात सांभाळली तिला दुसरी ओळ खपणार नाही हे रावजीला कळून चुकलं. त्यानं कळीवर बोट ठेवलं आणि बोट आपोआप चाललं. डा. डाडाडा. डाडिडा.

स्पीकरमधून त्याचे ठोके त्याला परत ऐकू येत होते. पहिला डा लांबला. शेवटच्या शब्दाआधी थांबा पडला, तो त्यानं मुद्दाम पाडला नव्हता. शेवटचा ठोका गिळला गेला. टेपवर आपलाच आवाज ऐकला की माणूस विचारतो हा कोण बोलतोय, तसं त्याचं इतके दिवस झालं होतं. केराबाई मायाप्पाच्या हातानं वाजवत नव्हतीच. तिनं स्पीकरमधून जे ऐकलं ते जसंच्या तसं उचललं होतं, आणि स्पीकरमध्ये त्या सकाळी मायाप्पा नव्हता. रोज साडेसहाला जो हात रावजीला झोपेतून उठवत होता तो त्याचा स्वतःचा होता. सोलापुरात पळून पळून तो स्वतःच्याच हातापासून पळत होता.

“व्हय,” केराबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. “ह्योच हात. त्या दिशी ह्योच व्हता. मागनं मला उत्तर द्यायचा त्यो बी ह्योच.”

बाहेर मेंढरं ओरडत होती. रावजीनं सेट बंद केला.

“टोक लिंबाला बांध, आत्ता,” तो म्हणाला. “असं हाय त्ये, वैनी. मी सांगितलं.”

“तुमास्नी म्हाईत व्हतं का, तितं इजंची तार हाय?”

“व्हतं. त्यानंच सांगितलं व्हतं.”

केराबाईनं गमछा उचलून सेटवर झाकला. तिनं शिव्या दिल्या असत्या, छाती पिटली असती, तर रावजीला सोसलं असतं, त्याची त्यानं गाडीत तयारी केली होती. ती उठली, पदर खोचला आणि दाराबाहेर जाऊन त्याची वाट बघत उभी राहिली.

“आत्यास्नी सांगा,” ती म्हणाली. “तुमच्या तोंडानं. माजं त्या ऐकत न्हाईत.”

घरापासून विहिरीपर्यंत चाळीस-पन्नास पावलं असतील. रावजीला ती सोलापूर ते माढा पायी यावं इतकी लांब वाटली. बजाबाई पानावरचा दहीभात पाण्यात सोडायला वाकली होती. तो तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सांगितलं की मायाप्पाला आसरांनी बोलावलं नाही, मी बोलावलं. सोलापुरात खुर्चीवर बसून, माझी हौस भागावी म्हणून बोलावलं. म्हातारीला ऐकू कमी येत होतं. तिनं कानामागं हात धरला आणि ‘काय?’ म्हणाली, म्हणून त्याला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं, ओरडून, आणि तोवर मेंढरं सोडायला निघालेला सिदू आणि शेजारच्या वस्तीवरच्या दोघी-तिघी जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या सगळ्यांनी ऐकलं.

बजाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला ती लहानपणापासून ओळखत होती, शाळेतून येताना तो तिच्या हातचं ताक पिऊन जायचा. रावजी मान खाली घालून जे यायचं त्याची वाट बघत होता. पण म्हातारीनं तोंड त्याच्याकडून फिरवलं आणि मागं उभ्या असलेल्या सुनेकडं केलं.

“केरा,” ती म्हणाली. “वाईच पानी दे ग.”

केराबाई पळत गेली आणि तांब्या घेऊन आली. म्हातारी ते पाणी बसल्या जागी सगळं प्याली. निम्मं लुगड्यावर सांडलं. तांब्या परत देताना तिनं सुनेचं मनगट धरलं आणि ते धरूनच ती विहिरीच्या काठावर रडायला लागली.